राजगृहाच्या वाटेवर

बोधगयेहून राजगीरला गाडीने दोन-अडीच तासांत जाता येतं आणि यात्रेच्या बसेस तशाच जातात. जेठियन नावाचं गाव त्या घाईत डोंगराआड राहून जातं. हेच जुनं लट्ठिवन. बुद्धत्वानंतर तथागत राजगृहाकडे, म्हणजे आजच्या राजगीरकडे, निघाले तेव्हा त्यांच्यासोबत हजार भिक्षू होते, सगळे कालपर्यंत जटा वाढवून अग्नीची पूजा करणारे. उरुवेल काश्यपाचे पाचशे, नदी काश्यपाचे तीनशे, गया काश्यपाचे दोनशे. मगधाचा राजा बिंबिसार त्यांना भेटायला याच लट्ठिवनात आला होता. डिसेंबरात बोधगयेचं त्रिपिटक पठण संपलं की दुसऱ्या दिवशी जेठियनहून राजगीरच्या वेळुवनापर्यंत, बिंबिसाराने तथागतांना दिलेल्या बांबूच्या बागेपर्यंत, दरीतून पायी जायची प्रथा अलीकडे पडली आहे. अंतर तेरा-चौदा किलोमीटर. आमच्या सोलापूरच्या गटात तिला सगळे वारीच म्हणतात.

हा शब्द आमच्या बौद्ध घरांत सहज येत नाही. माझी आजी मंगळवेढ्याकडची. लहानपणी ती दिंडीबरोबर पंढरपूरला चालत गेली होती, मंदिराची दारं अस्पृश्यांना उघडण्याआधी. म्हणजे साने गुरुजींचं 1947 चं उपोषण व्हायच्या आधी. तिला दर्शन झालं ते कळसाचं आणि चोखोबाच्या समाधीचं. पुढे 1956 च्या धम्मदीक्षेनंतर घरातले टाक गेले, पंढरपूर सुटलं, पण चालण्याबद्दल ती शेवटपर्यंत बोलायची. देवाबद्दल नाही, चालण्याबद्दल. तेव्हा आमच्या ताया ‘वारीला निघालोय’ म्हणतात ते मला खटकत नाही.

जेठियनमध्ये सकाळी गारठा मरणाचा. गावातले लोक रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झेंडूच्या पाकळ्या घेऊन उभे. पुढे थायलंड, म्यानमार, श्रीलंका, कंबोडियाचे भिक्षू, मागे पांढऱ्या कपड्यांतले उपासक, आणि सगळ्यात शेवटी आम्ही, कारण आमच्यातल्या दोघी चहासाठी थांबल्या होत्या. सुरुवातीचा भाग खरं सांगायचं तर मिरवणुकीसारखाच होता. बॅनर, ड्रोन, उंच काठीला लावलेले मोबाईल. दरीत शिरल्यावर गाव मागे पडलं, मोबाईलची रेंज गेली आणि मग कुठे चालणं सुरू झालं.

दोन्ही बाजूंना डोंगराच्या रांगा, मधे खुरटं जंगल, बोरी, बांबूची बेटं, पायाखाली लाल माती आणि बारीक दगड. बोलायचं नाही असं ठरलं होतं. सोबत आमच्या ओळखीचे एक मराठी भंते, म्हणजे भिक्षू, होते, त्यांनी निघताना एवढंच सांगितलं होतं: “पाय उचलला की उचलला हे माहीत असू द्या, टेकला की टेकला. मन पळालं तर त्याच्यामागे धावू नका, पुढच्या पावलाला परत या.” ऐकायला सोपं. पहिल्या अर्ध्या तासात मी मनातल्या मनात सोलापूरला जाऊन घराचं कुलूप दोनदा ओढून बघून आले.

असं भान ठेवून चालण्याला चंक्रमण म्हणतात. ध्यान म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मांडी घालून बसलेली मूर्ती येते, पण जुन्या सुत्तांमधला, म्हणजे तथागतांच्या उपदेशांमधला, भिक्षूचा दिवस बघितला तर त्यात चालणं बसण्याच्या बरोबरीचं आहे. दिवसा चालत आणि बसत मन स्वच्छ करायचं, रात्रीच्या पहिल्या प्रहरात पुन्हा तेच, मधल्या प्रहरात उजव्या कुशीवर झोप, शेवटच्या प्रहरात उठून पुन्हा चालणं आणि बसणं. अंगुत्तरनिकाय या सुत्तांच्या संग्रहात चंक्रमणाचे पाच फायदे सांगितले आहेत: लांबच्या वाटेची ताकद येते, साधनेच्या कष्टांची ताकद येते, आजार कमी होतात, खाल्लेलं पचतं आणि चालताना लागलेली समाधी बराच काळ टिकते. पाचांपैकी चार तर डॉक्टरही सांगतील. मला हे फार आवडतं. अध्यात्म सांगताना पचनाची आठवण ठेवणारा गुरू विश्वासाचा वाटतो.

मधल्या टप्प्यावर सगळे पाणी प्यायला थांबले. आमच्या गटातल्या एक मावशी, वय सत्तरच्या पुढे, बूट काढून पाय चोळत बसल्या होत्या. टाचेला फोड आला होता. कुणी म्हणालं, “मावशी, पट्टी लावा न गाडीत बसा, मागनं गाडी येतेय.” मावशी ऐकेनात. “तथागत अनवाणी गेले असतील न या वाटेनं, मला बुटात झेपंना होय?”

भंते तिथेच होते. त्यांनी सोणाची गोष्ट काढली, आणि ती घडली तीही राजगृहातच. सोण कोळिविस हा चंपानगरीच्या श्रीमंत घराण्यातला. इतका नाजूक वाढलेला की त्याच्या तळपायांना केस होते म्हणे, आणि ते बघायला बिंबिसाराने त्याला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. तोच पुढे भिक्षू झाला आणि सीतवनात राहू लागला. मन लावून चंक्रमण करता करता त्याचे पाय फुटले, चालायची जागा रक्ताने माखली. तरी काही साधेना, तेव्हा त्याच्या मनात आलं, घरी मुबलक पैसा आहे, परत जावं, खावं-प्यावं, दानधर्म करावा. तथागत त्याच्याकडे गेले आणि विचारलं, “सोणा, घरी असताना तू वीणा वाजवायचास ना? तारा फार ताणल्या तर वाजायची का? फार सैल सोडल्या तर?” दोन्हीला त्याचं उत्तर नाही असंच होतं. प्रयत्नाचंही तसंच, तो समतोल ठेव, एवढंच तथागतांनी सांगितलं.

ही वीणेची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, प्रवचनात हमखास येते. तिचा विनयपिटकातला, भिक्षूंच्या नियमांच्या ग्रंथातला, शेवट मात्र कुणी सांगत नाही. तथागतांनी त्याला म्हटलं, तू नाजूक आहेस, एकपदरी तळव्याच्या चपला वापर. सोणाने नकार दिला. म्हणाला, लोक म्हणतील, एवढी गाड्या भरभरून संपत्ती सोडून आलेला सोण आता चपलांना चिकटला. सगळ्या संघाला परवानगी असेल तर मीही वापरीन. मग सगळ्या संघाला परवानगी मिळाली. भिक्षूंच्या पायात चपला आल्या त्या अशा.

गोष्ट ऐकून मावशींनी मुकाट्याने पट्टी लावून घेतली. गाडीत मात्र बसल्या नाहीत.

तिथून पुढे मी पावलांवर कमी आणि यावरच जास्त विचार करत चालले, म्हणजे साधनेच्या हिशेबाने नापासच. पण राजगीरच्या या दरीत हे सुचणं साहजिक आहे. संघाच्या शिस्तीतल्या कितीतरी गोष्टी या पाच डोंगरांच्या मधे ठरल्या आणि त्यातल्या बऱ्याच लोकांच्या कुरकुरीतून. वर्षावासच घ्या. भिक्षू पावसाळ्यातही फिरायचे. लोक बोलायला लागले: हे श्रमण हिरवं गवत तुडवतात, बारीक जीव चिरडतात, पाखरंसुद्धा पावसाळ्यात झाडाच्या शेंड्यावर घरटं करून थांबतात! वेळुवनात असताना तथागतांच्या कानावर हे गेलं आणि नियम झाला, आषाढातल्या पौर्णिमेनंतर तीन महिने एका जागी. आपल्याकडे आषाढी एकादशीला लाखो पावलं पंढरपुरात पोचतात आणि जेमतेम चार-पाच दिवसांनी भिक्षूंची पावलं थांबतात. दोन्ही परंपरा एकाच पावसाला विचारून आपलं चालणं ठरवत आल्या.

उपोसथाचंही, म्हणजे ठराविक तिथींना धर्मासाठी जमण्याचंही, तसंच. दुसऱ्या पंथांचे परिव्राजक, म्हणजे फिरते संन्यासी, अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमेला जमून धर्म सांगतात, लोक त्यांच्याकडे जातात, आपणही जमावं, हे सुचवलं बिंबिसाराने. भिक्षू जमले आणि नुसते गप्प बसले. लोक चिडले: धर्म ऐकायला आलो, हे तर मुक्या डुकरांसारखे बसलेत! तेव्हापासून त्या दिवशी धर्म बोलायचा असं ठरलं. आज आमच्या वस्तीतल्या विहारात पौर्णिमेला अष्टशील, म्हणजे आठ नियम, घेऊन बसतात त्याची मुळं इथवर येतात.

हे मी का सांगतेय? आमच्याकडे दोन तट आहेत. एक म्हणतो, दहा दिवस इगतपुरीला विपश्यनेला जाऊन या, ध्यान लागलं की झालं. दुसरा म्हणतो, डोळे मिटून काय होणार, समाजात उतरा. मीही इगतपुरीला बसून आले आहे आणि तिथल्या पहिल्या तीन दिवसांच्या श्वासाच्या कामाची मला किंमत आहे. पण या दरीत चालताना दोन्ही तट मला अर्धे वाटले. सुरुवातीच्या संघाची साधना डोळे मिटण्यापासून सुरू होतच नाही. ती दुसऱ्याच्या गवतापासून, बारीक जीवांपासून सुरू होते. आणि डोळे मिटल्याशिवाय ती पुरीही होत नाही.

मज्झिमनिकाय या सुत्तांच्या दुसऱ्या संग्रहात गणक मोग्गल्लान नावाच्या ब्राह्मणाचं सुत्त आहे. पेशाने हा हिशेबनीस. तो श्रावस्तीत तथागतांना विचारतो, आम्ही शिष्याला आधी एक एके, दोन दुके असं शंभरापर्यंत मोजायला शिकवतो. तुमच्या धर्मात असं पायरीपायरीने शिकणं आहे का? तथागत म्हणतात, आहे, आणि क्रम सांगतात. आधी शील. मग इंद्रियांना राखणं: डोळ्यांनी दिसलं म्हणून त्याच्यामागे वाहून जायचं नाही. मग जेवणात मात्रा. मग जागं राहणं, ज्यात ते चालणं-बसणं येतं. मग येता-जाता, हात पसरताना-आखडताना, चीवर, म्हणजे भिक्षूचं वस्त्र, घालताना, खाता-पिताना भान. त्यानंतर एकांत, झाडाखाली किंवा गुहेत. तिथे बसून पाच नीवरणं, म्हणजे हाव, द्वेष, आळस, बेचैनी आणि शंका, बाजूला सारायची. मग कुठे ध्यानाच्या अवस्था. ज्याची आपण पहिल्या दिवशी चौकशी करतो ते या यादीत शेवटी आहे.

मोग्गल्लान पुढे विचारतो, सगळे शिष्य पोचतात का? काही पोचतात, काही नाही. असं का, तुम्ही तर वाट दाखवायला बसलेले आहात? तेव्हा तथागत उलट त्यालाच विचारतात, तुला राजगृहाची वाट माहीत आहे ना? एकाला तू सांगितलंस, या रस्त्याने जा, अमुक गाव लागेल, पुढे अमुक बाजाराचं गाव, मग राजगृहाच्या बागा, वनं, तळी दिसतील. तो उलट्याच दिशेने गेला. दुसरा नीट पोचला. यात तू काय करणार? मीही वाट सांगणारा आहे.

श्रावस्तीच्या त्या संवादात उदाहरणाला नेमकी राजगृहाची वाट यावी आणि मी तिच्यावर चालत असावं, याची गंमत मला त्या दुपारी पुरून उरली.

दरी संपता संपता नेचर सफारीची कुंपणं लागतात, गाड्यांचे हॉर्न ऐकू येतात, सोनभांडारच्या गुहेजवळ फोटोवाल्यांची गर्दी. एकदम शहर. वेळुवनात पोचलो तेव्हा भिक्षू तळ्याच्या काठी बसून पठण करत होते. बिंबिसाराने ही बाग द्यायची ठरवली तेव्हा त्याने काय बघितलं होतं तेही नोंदलेलं आहे: गावापासून फार लांब नको, फार जवळ नको, भेटायला येणाऱ्यांना सोयीची, दिवसा गर्दी नाही, रात्री आवाज नाही. यातल्या शेवटच्या दोन अटी आज पुऱ्या होत नाहीत. तरी बांबू आहेत, तळं आहे, बसायला जागा आहे.

संध्याकाळी सगळ्यांचं एकच, गरम पाण्याचं कुंड. त्याचाही किस्सा विनयात आहे. बिंबिसार एकदा न्हायला आला, बघतो तर भिक्षू अंघोळ करतायत. राजा थांबला. भिक्षू अंधार पडेपर्यंत डुंबत राहिले, राजाची अंघोळ उशिरा झाली, नगराची वेस बंद झाली आणि मगधाच्या राजाला आपल्याच राजधानीबाहेर रात्र काढावी लागली. त्यावर नियम झाला, पंधरवड्यातून एकदाच अंघोळ. मग अपवाद जोडले गेले: उन्हाळा, आजारपण, कष्टाचं काम, वादळवारा आणि प्रवास. प्रवासाचा अपवाद ऐकल्यावर मावशी म्हणाल्या, “मग आपल्याला चालतंय,” आणि पाण्यात उतरल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे गृध्रकूट डोंगरावर गेलो. बिंबिसाराने बांधलेली म्हणतात ती चढण, वर विटांच्या छोट्या विहाराचा चौथरा. शेजारच्या रत्नगिरीवरच्या 1969 च्या शांतिस्तूपाकडून जपानी ढोल ऐकू येत होता. खाली उतरल्यावर रस्त्याला लागून तथागतांचा वैद्य जीवक, त्याच्या आमराईचे अवशेष आहेत, लांबुळक्या दगडी पायांच्या रेषा, दुसरं काही नाही. बरेच गट तिथे थांबतही नाहीत. आम्ही थांबलो, कारण साधनेचा क्रम सगळ्यात सविस्तर सांगितला गेला तो इथे, सामञ्ञफलसुत्तात, आणि ऐकणारा होता बापाला, म्हणजे बिंबिसारालाच, मारून गादीवर बसलेला अजातशत्रू. पौर्णिमेच्या रात्री हत्तींवरून आला. साडेबाराशे भिक्षू बसलेत असं जीवकाने सांगितलेलं, पण ना कुणाचं खोकणं, ना शिंकणं. राजा घाबरला, जीवका, मला शत्रूच्या हाती तर देत नाहीस ना? आत आल्यावर त्याने विचारलं, या संन्यासाचं इथे, याच जन्मात दिसेल असं फळ काय? आणि त्याला शीलापासून मुक्तीपर्यंत सगळी वाट ऐकवली गेली.

भंतेंनी त्यातला थोडा भाग पालीत म्हटला. शेवट मराठीत सांगितला. सगळं ऐकून राजाने शरण घेतलं, केलेली हत्या कबूल केली आणि उठला: भंते, आता निघतो, आम्हाला फार कामं असतात. तो गेल्यावर तथागत भिक्षूंना म्हणाले, याने बापाला मारलं नसतं तर याच आसनावर याला धर्मचक्षू, म्हणजे धर्म दिसण्याची दृष्टी, मिळाला असता.

भंते आणखी काही सांगणार होते, पण ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. नालंदा पाचला बंद होतं, पाटण्याची गाडी रात्रीची, मधे सिलावचं खाजं घ्यायचं राहिलेलं. मावशींनी घड्याळ बघितलं आणि भंतेंना हात जोडले. “निघतो भंते, लई कामं हायत,” त्या म्हणाल्या, आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच हसायला लागल्या.