वहीत नसलेले चेंडू

उपांत्य सामन्याची सकाळ. वॉर्म-अपमध्ये सगळी पोरं हात वर करून मागे झुकली. आमचा १७ वर्षांचा वेगवान गोलंदाज मात्र अर्ध्यावरच थांबला. मी संघाचा फिजिओ. त्याला बाजूला घेतलं आणि एकेका पायावर उभं राहून मागे झुकायला सांगितलं. उजव्या पायावर ठीक. डाव्या पायावर झुकताच त्याने श्वास रोखला.

उजव्या हाताच्या गोलंदाजाची कंबर डावीकडे दुखली की मी ते साधं आखडणं मानत नाही. चेंडू टाकताना त्याचा पुढचा, म्हणजे डावा पाय आपटतो तेव्हा वजनाच्या कितीतरी पट भार वर चढतो, त्याच वेळी कंबर मागे आणि बाजूला वाकते. हा ताण मणक्याच्या मागच्या नाजूक हाडावर येतो, आणि या वयात ते पुरतं पक्कं झालेलं नसतं.

प्रशिक्षकांनी चेंडू मोजायची वही पुढे केली. "आठवड्यात ९० चेंडू. यात जास्त काय आहे?"

वही माझीच होती, आणि तिच्यात फक्त आमचे सामने होते. शाळेकडून दोन दिवसांत टाकलेली २४ षटकं, क्लबच्या नेट्समधले न मोजलेले चेंडू, हे मी कधी विचारलंच नव्हतं. बेरीज ३०० च्या वर गेली. त्याआधी महिनाभर परीक्षेमुळे त्याने बॉल हातात धरला नव्हता.

"सर, पण मी थकलो नाहीये हो," तो म्हणाला. खरं बोलत होता. दम दोन दिवसांत परत येतो. हाड मात्र आधी जुना भाग झिजवतं, मग नवा भरतं. मधले काही आठवडे ते कच्चं असतं आणि तसं सांगतही नाही.

"सर, आज तो बॉलिंग करणार नाही," मी प्रशिक्षकांना सांगितलं. आम्ही हरलो. पोरगा ड्रेसिंग रूममध्ये टॉवेलमध्ये तोंड खुपसून रडत होता. ऑस्ट्रेलियाचा वेगवान गोलंदाज पॅट कमिन्सने २०११ मध्ये १८ व्या वर्षी पहिली कसोटी खेळली आणि दुखापतींमुळे दुसरी थेट २०१७ मध्ये, हे मी त्याला सांगितलं. त्या क्षणी त्याला त्याचं काय!

एमआरआयमध्ये हाडाच्या आत सूज दिसली, भेग नव्हती. बरेच आठवडे बॉलिंग बंद राहिली. मग दिवसाआड २४ चेंडू, तेही अर्ध्या वेगाने.

आता वही तो लिहितो. परवा रात्री मेसेज आला: "सर, धाकट्या भावाला टाकलेले १२ पण धरायचे का?"

धर म्हटलं.