अर्धशिशीची गोळी आणि काउंटरपलीकडचं उत्तर

गोळीच्या मात्रेबद्दलच्या एका प्रश्नाच्या उत्तरासाठी मी चार दिवस वणवण केली. ते उत्तर लिहायला डॉक्टरांना अर्धा मिनिटही लागला नाही. या गोष्टीला आता पाच महिने झाले, तरी क्लिनिकचा तो काउंटर आठवला की माझं डोकं तापतं. ज्यांच्या घरात अर्धशिशीचं माणूस आहे त्यांनी हे वाचावं, म्हणून लिहितेय.

मी गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. अर्धशिशी कॉलेजात असल्यापासून माझ्या मागे आहे. आधी डावं कानशील ठणकायला लागतं, मग उजेड सोसत नाही, आवाज सोसत नाही, आणि शेवटी उलट्या. इतकी वर्षं मी एक मिश्र गोळी घ्यायचे. अर्गोटामिन, कॅफिन, पॅरासिटामोल असं सगळं एकत्र असलेली. आईसुद्धा तीच घ्यायची. फार्मसीत नाव सांगायचं, पट्टी घ्यायची आणि निघायचं. चिठ्ठी कुणी मागितली नाही आणि आपण किती घेतोय हे मीही कधी मोजलं नाही. गेल्या चवथीनंतर मोजलं, तर महिन्यातले बारा-तेरा दिवस गोळी पोटात जात होती आणि तरी डोकं रोज जडच.

मग नोव्हेंबरातल्या एका सोमवारी पणजीला एका न्यूरॉलॉजिस्टकडे गेले. तपासणीबद्दल माझी काहीच तक्रार नाही. त्यांनी रक्तदाब पाहिला, वडिलांना हृदयविकार होता म्हणून ईसीजी काढायला लावला, आणि सगळं नीट समजावून सांगितलं. मिश्र गोळ्या, अर्गोटामिन किंवा ट्रिप्टान महिन्यात १० किंवा जास्त दिवस, साधं पॅरासिटामोल किंवा आयबुप्रोफेन १५ किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांच्या वर चाललं की औषधच रोजची डोकेदुखी लावतं. माझं तेच झालं होतं. जुनी गोळी पूर्ण बंद. अर्धशिशीचा झटका आला तर रिझाट्रिप्टान, ही ट्रिप्टान गटातलीच गोळी, तोंडात विरघळणारी, १० मिलिग्रॅम. जुनी गोळी चुकून घेतलीच तर त्यानंतर २४ तास ही घ्यायची नाही, कारण दोन्ही रक्तवाहिन्या आवळतात. चिठ्ठीवर मात्र औषधाचं नाव, १० आणि पुढे एसओएस, म्हणजे गरज पडेल तेव्हा, एवढंच. मला घरी जायची घाई होती, मी चिठ्ठी घडी करून पर्समध्ये टाकली.

संध्याकाळी डिचोलीला आमच्या नेहमीच्या फार्मसीत गेले. तिथली फार्मसिस्ट पंचविशीतली मुलगी आहे. तिने चिठ्ठी पाहिली, ड्रॉवर उघडला, आणि परत बंद केला.

"बाई, धडधडीची गोळी अजून चालू आहे ना तुमची?"

मी हो म्हटलं. छातीत धडधड व्हायची म्हणून आमच्या घरच्या डॉक्टरांनी तीन वर्षांपूर्वी प्रोप्रानोलॉल सुरू केली होती, २० मिलिग्रॅम, रोज दोनदा. दर महिन्याला मी तीच गोळी याच दुकानातून नेते.

"मग ही १० ची मी नाही देत तुम्हाला. प्रोप्रानोलॉलबरोबर ही रक्तात जास्त चढते. ५ ची हवी असं मला वाटतं, पण चिठ्ठी मला बदलता येत नाही. डॉक्टरांना विचारून या."

त्या वेळी मला तिचा राग आला, हे कबूल करते. मागे रांग होती, पणजीचा फेरा करून पाय दुखत होते, आणि ही मुलगी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर बोट ठेवतेय! पण तिचं अक्षरन् अक्षर बरोबर होतं. प्रोप्रानोलॉल चालू असताना रिझाट्रिप्टानचं रक्तातलं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी वाढतं, हे मी पुढे वाचलं. सगळी औषधं एकाच फार्मसीतून घ्या, असं मी आता भेटेल त्याला सांगते, ते यासाठीच. पणजीच्या स्टँडजवळ कुठे घेतली असती, तर विचारणारं कुणी नव्हतं.

आता इथून पुढचे चार दिवस.

मंगळवारी मधल्या सुट्टीत क्लिनिकला फोन केला. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, डॉक्टर पेशंट बघतायत, नंतर करा. शाळा सुटल्यावर केला तर दुपारची वेळ, शटर खाली. चारनंतर परत लावला. "डॉक्टर फोनवर बोलत नाहीत." मी म्हटलं, त्यांनी बोलायला नको, तुम्ही फक्त विचारा, १० की ५. "असं आम्हाला विचारता येत नाही. अपॉइंटमेंट घ्या." पुढची तारीख १९ दिवसांनंतरची होती आणि फी परत पूर्ण भरायची होती. १९ दिवसांत मला किमान चार वेळा झटका येतो, हे त्यांना कोण सांगणार?

बुधवारी सकाळी घरच्या डॉक्टरांना गाठलं. ते म्हणाले, त्यांनी लिहिलंय, तुम्ही त्यांनाच विचारलेलं बरं. चुकीचं नव्हतं त्यांचं. पण प्रश्न आता दोन डॉक्टर आणि एक फार्मसी यांच्या मधोमध लटकला होता आणि तो आपला आहे असं कुणालाच वाटत नव्हतं. दुपारी क्लिनिकच्या व्हॉट्सअ‍ॅपवर दोन्ही चिठ्ठ्यांचे फोटो पाठवले. दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. परत फोन केला. तेव्हा जे ऐकलं ते मी विसरणार नाही: "गोळी तिथे मिळत नसेल तर दुसऱ्या फार्मसीत बघा ना."

मिळत नाही असं नाही हो, ती देत नाही, आणि का देत नाही तेच तर मी विचारतेय. हे मी तीनदा सांगितलं. समोरून तिन्ही वेळा "बघते" आलं आणि फोन ठेवला गेला. शेजारच्या वर्गावरच्या बाई मला म्हणाल्या, एवढं काय, घेऊन टाक, माझी नणंद घेते तीच. नणंदेला प्रोप्रानोलॉल चालू आहे का, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

आणि बुधवारी रात्रीच झटका आला. अकराच्या सुमाराला जांभया सुरू झाल्या, मान आखडली, तेव्हाच कळलं. नवी गोळी हातात नाही. जुन्या गोळीची अर्धी पट्टी ड्रॉवरमध्ये होती. अंधारात ती मी चाचपडत काढलीसुद्धा. अंगठ्याखाली तो फुगीर भाग लागला होता, दाबला की गोळी बाहेर. यांनी दिवा न लावता माझ्या हातातून पट्टी काढून घेतली आणि म्हणाले, "चोवीस तास म्हणालेत ना डॉक्टर? उद्या उत्तर आलं तर काय करशील?" मग पॅरासिटामोलच्या ५०० च्या दोन गोळ्या घेतल्या, त्या वीस मिनिटांत उलटीत गेल्या. रात्रभर पलंगाखाली बादली आणि कानशिलावर ओला टॉवेल. पहाटे पदेर, म्हणजे आमचा पाववाला, आला. एरवी त्याच्या भोंप्याने मला छान जाग येते, त्या दिवशी प्रत्येक आवाज डोळ्याच्या मागे खिळा ठोकल्यासारखा बसत होता. यांनी धावत जाऊन त्याला वळणावरच थांबवलं. गुरुवार सगळा असाच गेला.

शुक्रवारी रजा टाकली आणि पणजीला गेले. म्हापशापर्यंत खासगी बस, कंडक्टरचं "फाटीं वच, फाटीं वच" (मागे सरा) आणि वर मोठ्याने गाणी, झटक्याच्या दुसऱ्या दिवशी. साडेदहाला काउंटरवर उभी राहिले. यादीत नाव नाही, बसा. बसले. बारा वाजता विचारलं, बसा. एक वाजता सांगितलं की सकाळचे पेशंट झाले, डॉक्टर मागच्या दाराने गेले, आता चारनंतर या.

मला तिथे रडू आलं. बाहेर येऊन मी चालत महालक्ष्मीच्या देवळात गेले आणि सभामंडपातल्या गारव्यात बसून राहिले. तासाभराने डोकं जरा शांत झालं तेव्हा सुचलं की आपण चार दिवस हा प्रश्न तोंडानेच सांगतोय, आणि ऐकणाऱ्या माणसाला तो पुढे न्यायचा कसा हेच कळत नाहीये. वर्गात आम्ही मुलांना काय शिकवतो? उत्तर हवं असेल तर प्रश्न नीट लिहा. पर्समध्ये हजेरीची फाटकी पानं होती. एका पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं: माझं नाव, सोमवारची तारीख. रिझाट्रिप्टान १० दिली आहे. मी प्रोप्रानोलॉल २० रोज दोनदा घेते, तीन वर्षं झाली. फार्मसिस्टने गोळी थांबवली आहे. मात्रा बदलायची का? २४ तासांत जास्तीत जास्त किती? महिन्यात किती दिवस? खाली उत्तरासाठी जागा सोडली.

चारला परत गेले. काउंटरकडे गेलेच नाही. आत फाइली नेणारा एक मुलगा होता, त्याला म्हटलं, "बाबा, एवढा कागद डॉक्टरांच्या टेबलावर ठेव. मला आत यायचं नाही." त्याने नेला. दोन मिनिटांत डॉक्टर स्वतः दारात आले.

"प्रोप्रानोलॉल कधीपासून? मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलंत, डोकेदुखीसाठी काय काय घेता. ती मी डोकेदुखीसाठी घेत नव्हते."

ते थांबले, मान हलवली, आणि दाराच्या चौकटीला कागद टेकवून लिहिलं: १० रद्द. ५ मिलिग्रॅम, एक गोळी. दुखणं जाऊन परत आलं तरच दुसरी, किमान २ तासांनी. २४ तासांत दोनच. आठवड्यात दोन दिवसांच्या वर नाही. सही, शिक्का. दमा आहे का विचारलं, नाही म्हटल्यावर म्हणाले की प्रोप्रानोलॉल अर्धशिशी टाळण्यासाठीही देतात, तीच हळूहळू वाढवू. पण गुण दिसायला दोन-तीन महिने लागतील आणि ती मनाने एकदम बंद करायची नाही. संपलं. अर्धा मिनिट आणि वर हे चार शब्द.

काउंटरवरच्या बाईंना मी काही बोलले नाही. त्यांना तसंच काम करायला सांगितलेलं असणार. पण औषधाच्या शंकेसाठी आत कागद पोचवायची एक साधी ट्रे तिथे असती तर माझी बुधवारची रात्र आणि शुक्रवारची रजा वाचली असती, हे मला म्हणायचंच आहे.

माझी मात्रा ही माझीच आहे, कुणी उचलून घेऊ नये. हृदयविकार, पक्षाघात होऊन गेलेला, किंवा रक्तदाब ताब्यात नसलेला असेल तर ट्रिप्टान देतच नाहीत. डॉक्टरांसमोर बसाल तेव्हा डोकेदुखीची सोडून बाकीची औषधं आधी सांगा: धडधडीची, मनाच्या आजाराची, कुटुंबनियोजनाची, सगळी. झटक्याआधी ज्यांना डोळ्यांसमोर नागमोडी चमकत्या रेषा दिसतात, त्या बायकांनी कुटुंबनियोजनाच्या गोळीबद्दल न विसरता बोलावं. इस्ट्रोजेन असलेली गोळी त्यांच्यासाठी पक्षाघाताचा धोका वाढवते.

गोळी कधी घ्यायची हेही मला उशिरा कळलं. मी "बघू, थांबेल" म्हणत तास घालवायचे. दुखणं सुरू झालं की लवकर घ्यायची. पहिल्या गोळीने काहीच फरक पडला नाही, तर त्याच झटक्यात दुसरी घेऊन उपयोग नाही. पहिल्यांदा घेतली तेव्हा अर्ध्या तासाने मान आणि जबडा आवळल्यासारखा झाला, बोटांना मुंग्या आल्या. मी घाबरले. असं होऊ शकतं आणि ते थोड्या वेळात जातं, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. पण छातीत दाबल्यासारखं होऊन ते टिकलं तर थांबायचं नाही. तसंच डोकं एकाएकी कधी नव्हे इतकं दुखलं, एका बाजूचा हात उचलेना, जीभ अडखळली, किंवा तापाबरोबर मान ताठली, तर ती अर्धशिशी समजून गोळी शोधत बसू नये, १०८ ला फोन करावा.

जुनी गोळी सोडल्यावरचे पहिले आठ-नऊ दिवस फार वाईट गेले. डोकं आधीपेक्षा जास्त दुखलं. ते ठरलेलंच होतं, पण घरच्यांना आधी सांगून ठेवा.

आणि पट्टीचं. आपण चार गोळ्या मागितल्या की कात्रीने पट्टी कापतात आणि नाव, मुदत असलेला भाग दुकानातच राहतो. मी आता छापील बाजू माझ्याकडे राहील अशी कापून घेते, नाही जमलं तर तिथेच पूर्ण पट्टीचा फोटो काढते. तोंडात विरघळणारी गोळी पट्टीतून आधी काढून डबीत ठेवायची नाही, आपल्या पावसाळ्यातली हवा तिला लागली की संपलं. मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवरही नाही.

घेतलेल्या गोळीचा हिशेब कालनिर्णयवर. दुधाच्या नोंदीशेजारी त्या तारखेला लाल गोल. डिसेंबरात सहा गोल होते, मार्चमध्ये तीन.

गेल्या आठवड्यात म्हापशाहून येताना अस्नोड्याच्या पुढे रस्त्याकडेच्या भट्टीतून काजूच्या बोंडवांचा आंबूस वास बसमध्ये शिरला आणि डावं कानशील उडायला लागलं. पाणी संपलं होतं. पट्टी सोलून गोळी जिभेवर ठेवली, घड्याळात पाहिलं, चार वाजून दहा मिनिटं. डोळ्यांवर पदर ओढून बसले. डिचोलीला उतरून घरी पोचले, तासभर अंधारात पडले, आणि सात वाजता उठून पेज केली. हजेरीचं ते फाटकं पान आता प्लास्टिकच्या कव्हरात पर्समध्ये असतं. एक झेरॉक्स घरच्या डॉक्टरांकडे आहे आणि एक फार्मसीतल्या त्या मुलीच्या ड्रॉवरमध्ये.