पिकअपचा चेसी नंबर: कुठं शोधायचा, कसा वाचायचा

जुन्या पिकअपचा सौदा आरसी बघून करू नये, चेसी बघून करावा. आरसी कार्ड, विमा पॉलिसी, केबिनमधली रिव्हेट मारलेली पट्टी, या सगळ्या नकला. मूळ नंबर एकच, फ्रेमच्या लोखंडात ठोकलेला. आपल्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात तर हे आधी बघायचं, कारण इथं गाड्या सारख्या हद्द ओलांडतात. एमएच ०९ ची बोलेरो निपाणीत विकली जाते, केए २२ ची चंदगडला. गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांच्या वर ठेवायची तर तिथला नवा नंबर घ्यावा लागतो, म्हणजे पाटी बदलणार. चेसी नंबर मात्र तोच राहतो.

बोलेरो पिकअप, टाटाची योद्धा आणि एस, लेलँडची दोस्त, या सगळ्यांच्या खाली दोन लांब पट्ट्यांची फ्रेम असते. नंबर बहुधा चालकाच्या बाजूच्या लांब पट्टीवर (लाँग मेंबरवर), बाहेरच्या अंगाला असतो. पुढच्या चाकाच्या कमानीपासून सुरुवात करा आणि मागच्या चाकापर्यंत सरकत जा. नेमकी जागा मॉडेलप्रमाणे आणि सालाप्रमाणे बदलते. कंपनीनं मालकाला दिलेलं माहितीपुस्तक गाडीत असेल तर त्यात जागा चित्रासकट दिलेली असते, पण जुन्या पिकअपमध्ये ते पुस्तक सापडलं तर नशीबच.

बघायच्या आधी गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका, मागच्या चाकाला दगड लावा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही. सायलेन्सर गार होऊ द्या. मग स्टेअरिंग पूर्ण डावीकडे वळवा. उजव्या चाकाची मागची कड बाहेर येते आणि टायर व फ्रेम यांच्यामध्ये हात जाईल एवढी फट मिळते.

नंबर दिसला नाही म्हणजे तो नाही असं नव्हे. खानापूर भागात तांबडा चिखल, चिकोडी-निपाणीकडं काळी माती, आणि दोन्हीकडं त्यावर गळलेल्या ऑईलचा थर. रॉकेल किंवा डिझेलमध्ये भिजवलेलं फडकं त्या पट्ट्यावर पाच-दहा मिनिटं दाबून ठेवा, मग पितळी तारेच्या ब्रशनं हलक्या हातानं घासा. ग्राइंडर, एमरी पेपर, छिन्नी यातलं काहीही लावायचं नाही. अक्षरांची खोली फार नसते. एकदा घासून गेली की उद्या तपासणाऱ्याला तुमच्यावरच संशय. बॅटरी समोरून मारू नका, बाजूनं तिरकी धरा. सावली खाचेत पडते आणि आकडा उठून दिसतो. फोटो काढायचा असेल तर खाचेत पांढरा खडू घासून वरचा भाग पुसून घ्या.

एवढं करूनही सापडत नसेल तर बॉडी बांधणाऱ्यानं काय केलंय ते बघा. मागचा हौदा बसवताना यू-बोल्टची पट्टी, टूलबॉक्स नाहीतर पायरी नेमकी नंबरावर येते. काही जण काळं अंडरकोटिंग जाड फासतात. मासळीच्या गाड्यांचं दुखणं वेगळं. कारवार-गोव्याहून येताना बर्फाचं खारं पाणी फ्रेमवर ठिबकत राहतं आणि लोखंड पापुद्र्यानं सुटतं. खत वाहणाऱ्या गाडीचंही तेच. असा पापुद्रा उचकटू नका, त्याच्याबरोबर आकडाही जातो.

आता वाचायचं कसं. नंबर १७ खुणांचा असतो, आकडे आणि इंग्रजी अक्षरं मिळून. खूप जुन्या जीपवर कमीही दिसेल. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं नसतातच. म्हणजे गोल दिसलं तर ते शून्य किंवा डी, उभी रेघ असेल तर एक. घोटाळा होतो तो ८ आणि बी, ५ आणि एस, २ आणि झेड, ६ आणि जी यांच्यात. पहिल्या तीन खुणा कंपनीच्या: महिंद्राची एमए१, टाटाची एमएटी, अशोक लेलँडची एमबी१. गाडीवर नाव महिंद्राचं आणि नंबराची सुरुवात एमएटी असेल तर तिथंच सौदा थांबवा.

दहावी खूण बहुतेक कंपन्या सालासाठी वापरतात. २००१ ते २००९ ला १ ते ९ आकडे, २०१० ला ए, मग क्रमानं पुढं: एच म्हणजे २०१७, जे २०१८, एल २०२०, एम २०२१, एन २०२२, पी २०२३, आर २०२४. आय, ओ, क्यू गाळलेले असल्यामुळं मधे उडी दिसते. आरसीवर जानेवारी २०२२ आणि नंबरात एम असेल तर घाबरू नका, डिसेंबरात बनलेली गाडी शोरूममध्ये उभी राहिली असेल. पण सालात दोन-तीन वर्षांचं अंतर असेल तर कागद मागा. महिन्याची खूण कंपनीगणिक वेगळी, तिच्यावरून वाद घालू नका.

इंजिन नंबर वेगळा, तो ब्लॉकवर असतो. एचएसआरपी, म्हणजे सरकारी सुरक्षा नंबरपाटी, तिच्यावरचा लेसर नंबरही वेगळा, पाटीचा स्वतःचा. हे तिन्ही एकमेकांत मिसळून अर्ज भरणारे बरेच आहेत.

पेन्सिल प्रिंट, म्हणजे चेसी नंबराचा पेन्सिलीनं घेतलेला ठसा, आरटीओच्या अर्जावर लागते. पट्टा कोरडा करा, पातळ पांढरा कागद टेपनं घट्ट चिकटवा, मऊ पेन्सिल आडवी धरून एकाच दिशेनं फिरवा. सपाट भाग काळा होतो, आकडे पांढरे राहतात. हात न पुरणाऱ्या जागी दुसरी रीत: नंबरावरच पेन्सिल फिरवा, वर रुंद पारदर्शक सेलोटेप दाबा, उचला आणि कागदावर चिकटवा. नंबर सुलटाच येतो. ओल्या लोखंडावर दोन्ही रीती फसतात, म्हणून पावसाळ्यात आधी फडक्यानं आणि मग तासभर उन्हात किंवा शेडमध्ये सुकवा. प्रिंट चार-पाच काढून ठेवा. एनओसीचा (ना-हरकत दाखल्याचा) फॉर्म २८, नाव बदलायचे २९ आणि ३०, नव्या नंबराचा २७, कुठं ना कुठं लागतेच.

प्रिंट हातात आली की खाडाखोड डोळ्यांपेक्षा लवकर कळते. सगळे आकडे एका ओळीत, सारख्या अंतरावर आणि सारख्या खोलीचे आहेत का? मधला एखादाच खोल किंवा तिरका असेल, आजूबाजूचा पत्रा घासून पातळ झाला असेल, किंवा फक्त तेवढ्याच चौकोनावर नवा रंग असेल तर सोडून द्या. बऱ्याच कंपन्या नंबराच्या दोन्ही टोकांना खूण ठोकतात, ती शाबूत आहे का तेही बघा. नंबर घासून दुसरा ठोकला तरी पहिल्या ठोक्यानं खालचं लोखंड दबलेलं असतं. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत रसायन लावून जुना आकडा पुन्हा दिसतो. आणि गंजून खरोखरच गेला असेल तरी गॅरेजमध्ये ठोकून घेऊ नका. ते नोंदणी अधिकाऱ्याच्या परवानगीनंच होतं.

शेवटी ताडून बघणं. आरसीवरचा नंबर एकेक खूण बोट ठेवून, दुसऱ्या कुणाला मोठ्यानं वाचायला लावून जुळवा. ऑनलाइन सेवांमध्ये चेसीचे शेवटचे पाच आकडे-अक्षरं मागतात. फ्रेमवरचे टाकले आणि स्वीकारले गेले तर निदान शेपूट जुळली. एखाद्या अक्षराचा फरक, म्हणजे शून्याच्या जागी ओ टाईप झालेला, ही बहुधा लिहिणाऱ्याची चूक असते. दुरुस्ती मात्र विकणाऱ्याकडून, त्याच्याच आरटीओत, एनओसी निघायच्या आधी करून घ्या. विमा कंपनी क्लेमच्या वेळी याच अक्षरावर अडून बसते, आणि एनओसीवर चूक तशीच उतरली की इथलं ऑफिस म्हणतं जिथून आणली तिकडं जा, तिथलं म्हणतं जिथं नेली तिकडं.