बेसबॉलचा इनफिल्डर बघताना आधी पाय बघा

इनफिल्डर जॅक्सन हॉलिडेला मेजर लीगच्या (अमेरिकेतली बेसबॉलची सर्वोच्च लीग) ओरिओल्स टीमनी २०२२ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, पहिल्या नंबरला उचललं आणि २०२३ च्या एकाच सीझनमध्ये हा १९ वर्षांचा पोरगा मायनर लीगच्या चारही पायऱ्या चढून ट्रिपल-एपर्यंत, म्हणजे मेजर लीगच्या लगेच खालच्या पायरीपर्यंत पोचला, बॅटिंग ॲव्हरेज .३२३! तरी इनफिल्डर, म्हणजे बेसजवळ फिल्डिंग करणारा खेळाडू, जोखताना मी बॅटिंगच्या आधी पायच बघते. ग्राउंडर (जमिनीलगत येणारा बॉल) आला की पुढे सरकतो की टाचांवर बसून वाट बघतो, ग्लोव्हमधला बॉल हातात किती पटकन येतो, शॉर्टस्टॉपच्या (सेकंड आणि थर्ड बेसमधली जागा) पार उजवीकडून फर्स्ट बेसला थ्रो सरळ जातो का. स्काउट हे सगळं २० ते ८० मध्ये मोजतात, ५० म्हणजे मेजर लीगची सरासरी. हॉलिडेला एप्रिल २०२४ मध्ये वर मेजर लीगमध्ये बोलावलं, ३४ ॲट-बॅटमध्ये (बॅटिंगच्या संधींमध्ये) फक्त २ हिट, परत खाली मायनर लीगमध्ये. फार वाईट वाटलं मला, पण एवढ्यावरून पोराला मोडीत काढायचं नसतं हो, ३१ जुलैला परत आला आणि थेट ग्रँड स्लॅम, म्हणजे तिन्ही बेसवर खेळाडू असताना होम रन!