बुलेटच्या बॅरलला काळा रंग: माझा अनुभव

जुन्या कास्ट आयर्न बुलेट ३५० चं बॅरल (पिस्टन ज्यात वरखाली होतो तो सिलिंडर) बिडाचं, हेड (त्यावरचं झाकण) ॲल्युमिनियमचं. बिडाचा तवा धुऊन ओला ठेवला की जे होतं, तेच पावसाळ्यात बॅरलचं होतं. दोन्ही भाग उतरवून काळे केले ते मुख्यतः गंज टाळायला.

"काळ्याने इंजिन थंड राहतं" हे खरं, पण थोडंसंच. गाडी चालू असताना काही हजार वॅट उष्णता फिन्सवरून (इंजिनाभोवतीच्या पातळ पाती) वारा नेतो. रंगाचा उपयोग होतो तो उष्णता किरणांनी बाहेर पडण्यात. १५० अंशांचा पृष्ठभाग आणि ३५ अंशांची हवा धरली, तर रंगवलेल्या एका चौरस मीटरमधून सुमारे ११०० ते १२०० वॅट बाहेर पडतात. पण फिन्सच्या आतल्या बाजू एकमेकींकडेच तोंड करून असतात, त्यामुळे बाहेरचा घेरच मोजायचा. तो चौरस मीटरचा जेमतेम दहावा भाग, म्हणजे शे-सव्वाशे वॅट. सिग्नलला उभं असताना याची मदत होते, हायवेवर ती जाणवणारही नाही. आणखी एक गंमत म्हणजे या तापमानाच्या किरणांना काळा-पांढरा भेद नसतो. पांढरा रंगही जवळपास तेवढंच काम करतो. मागे पडतं ते चकचकीत पॉलिश केलेलं ॲल्युमिनियम आणि ॲल्युमिनियमची पूड घातलेला चंदेरी रंग. व्हिन्सेंट या ब्रिटिश कंपनीने १९४८ मध्ये ब्लॅक शॅडो या मोटरसायकलचं इंजिन भट्टीत भाजलेल्या काळ्या रंगाने मढवलं, तेव्हापासून काळ्याला जो रुबाब आला तो वेगळा.

रंगाचा थर उष्णता अडवतो ही भीतीही अवाजवी आहे. तीन पातळ हात सुकून ५० मायक्रॉनच्या आसपास भरतात, आणि उष्णता हवेत जाण्याच्या एकूण अडथळ्यात त्यांचा वाटा शेकडा एक-दोन. फिन्सच्या बुडाशी साचलेला तेल-मातीचा मिलिमीटरभर थर याच्या वीसपट जाड असतो. त्यामुळे थंडाव्यासाठी काही करायचंच असेल, तर आधी फिन्स धुवा.

धुण्यातच पहिला दिवस गेला. रॉकेल आणि ब्रशने चिकटा सोडवला, मग साबणाचं गरम पाणी. बॅरलला वायर ब्रश चालतो, पण हेडला पितळी ब्रशच वापरला, कारण लोखंडी तारांचे ओरखडे मऊ ॲल्युमिनियमवर कायमचे राहतात. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात हेड बुडवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. सोडा रंगाबरोबर ॲल्युमिनियमही खातो. जिथे हात पोचतो तिथे १२० नंबरचा पॉलिश पेपर, मग २२०. फिन्सच्या फटीत पेपर पट्टीला गुंडाळून घातला. रंगाला धरायला खरबरीतपणा हवा, आरशासारखं गुळगुळीत केलं की पापुद्रे सुटतात.

ब्लास्टिंग (जोरात कण मारून धातू साफ करणं) करून घेतलं तर काम निम्मं होतं, पण धोका वाढतो. या इंजिनात पुशरॉडचे (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांचे) बोगदे बॅरलमध्येच ओतलेले आहेत. त्यात अडकलेला एक कणही पुढे तेलातून बेअरिंगपर्यंत जाऊ शकतो. म्हणून बोगदे, बोअर (बॅरलची आतली पोकळी) आणि पोर्ट (हेडमधल्या हवा-धुराच्या वाटा) रबरी बुचांनी बंद, स्पार्क प्लगच्या भोकात जुना प्लग, आट्यांमध्ये जुने बोल्ट. परत आल्यावर पुन्हा साबणाचं गरम पाणी आणि प्रत्येक भोकात कंप्रेसरची हवा. पाणी लागलं की बीड बघता बघता तांबूस होतं, म्हणून लगेच हीट गनने सुकवलं, थिनरच्या स्वच्छ कापडाने पुसलं आणि त्याच दिवशी रंगवलं. त्यानंतर उघड्या हाताने स्पर्श नाही.

मास्किंगमध्ये, म्हणजे रंग नको त्या जागा टेपने झाकण्यात, चूक झाली तर ती पुढे तेलगळतीतून कळते. गॅस्केट (दोन भागांमधली गळती रोखणारी चकती) बसणाऱ्या दोन्ही कडा, बॅरलचं खालचं तोंड, प्लगच्या वॉशरची बैठक आणि हेडच्या नटांखालच्या जागा कोऱ्या ठेवल्या. नटाखाली रंग राहिला तर तो उष्णतेने दबतो, नटाचा ताण उतरतो आणि हेड गॅस्केटमधून गळती सुरू होते.

रंग सिलिकॉनवर आधारित, उष्णता झेलणारा. ४०० मिलीचा एक स्प्रे कॅन बॅरल आणि हेडला पुरला. गाडीच्या पत्र्याचा साधा रंग इथे पिवळा पडून करपतो. प्रायमर लावायचा तर तोही तितकीच उष्णता झेलणारा हवा, नाहीतर नुसता खरबरीत धातू बरा. भाग कोमट करून घेतले. कॅन दोन मिनिटं हलवला, अंतर २०-२५ सेंटीमीटर. पहिला हात फक्त फिन्सच्या बुडाला, चारही बाजूंनी तिरका, धुक्यासारखा. आधी बाहेरच्या कडा रंगवल्या की तिथे जाड थर चढतो आणि बूड कोरंच राहतं. पावडर कोटिंगमध्येही हीच अडचण येते: विद्युतभारित पूड कडांनाच ओढली जाते, खोल फटीत उतरत नाही. दोन हातांमध्ये दहा मिनिटं. घाई करून जाड मारलं तर आतला थिनर अडकतो आणि तापल्यावर फोड येतात. दमट हवेत रंगावर पांढुरकी झाक येते, म्हणून हे काम पावसाळ्यात नकोच.

कच्चा सिलिकॉन रंग पेट्रोलच्या एका थेंबाने उतरतो, भाजल्यावरच तो टणक होतो. टेप आधी काढली, कारण तिचा गोंद भाजून चिकटून बसतो. भंगारातल्या ओव्हनमध्ये (त्यात पुन्हा खाण्याचं काही करू नये) आधी १०० अंशांवर तासभर, पूर्ण थंड, मग २०० वर अर्धा तास. कॅनवर वेगळं लिहिलं असेल तर तेच पाळावं. हेडमधले व्हॉल्व्ह आणि रबरी सील आधीच काढले होते. बाहेर आल्यावर बोअरला लगेच तेलाचा हात फिरवला.

जोडताना हेड गॅस्केट नवं, नट टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना). पहिल्यांदा सुरू केल्यावर समोर टेबलफॅन लावून दहा मिनिटं चालवलं, कारण उभ्या गाडीत वारा नसतो. थोडा धूर आणि वास येतो, तो रंगाचा. काहीशे किलोमीटरनंतर, इंजिन गार असताना, नट पुन्हा तपासले.

एक्झॉस्टच्या तोंडाशी रंग आधी तपकिरी पडतो, मग उडतो. तिथे डागडुजी ठरलेलीच. म्हणून उरलेला कॅन उलटा धरून नुसता गॅस येईपर्यंत दाबून ठेवलाय, म्हणजे नोझल तुंबणार नाही.