निळा, पिवळा आणि आईची झोप

मी घरून सबटायटलं लिहिते. दिवसभर इंग्रजी मालिका ऐकायच्या आणि रात्री दहानंतर घर शांत झालं की मराठी टाइप करत बसायचं. माझ्या टेबलाला लागून भिंत, भिंतीपलीकडे आईची कॉट. हे आधी सांगते, कारण पुढचा सगळा खटाटोप या भिंतीपायी झाला.

पहिला मेकॅनिकल कीबोर्ड, म्हणजे प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच असलेला, निळ्या स्विचचा घेतला. लॅपटॉपच्या चपट्या बटणांना कंटाळले होते, आणि आवाज तर मला हवाच होता. टायपिंगच्या क्लासात मराठी ३०ची तयारी केली, तेव्हापासून यंत्राची खटखट कानात बसलीय. निळ्या स्विचचा दांडा दोन तुकड्यांचा असतो. दाबलं की त्यातला सैल तुकडा अर्ध्या वाटेत सुटून खाली आपटतो आणि टिक् वाजतं. पहिल्या रात्री मला स्वर्ग दोन बोटं उरला होता. सकाळी चहा देताना आई म्हणाली, "अगं, रात्री गारा पडल्या का?"

चौथ्या रात्री भिंतीवर थाप आली.

म्हटलं, स्विच बदलू. कीबोर्ड उघडला तर ८७ स्विच बोर्डाला सोल्डर केलेले. एकेकाला दोन पाय, म्हणजे १७४ टाके उकलायचे. नाद सोडला आणि तो कीबोर्ड भाच्याला दिला. नवा घेताना एकच गोष्ट बघितली: हॉट-स्वॅप असावा, म्हणजे स्विच चिमट्याने उपटून दुसरा खोचता येतो. ८४ कीजचा मिळाला.

आता स्विच कोणता? रंगांची ही भाषा मुळात चेरी या जर्मन कंपनीची. निळा टिकटिकणारा, तपकिरी मध्येच उंचवटा लागणारा, लाल सरळ खाली जाणारा. चेरीच्या रचनेचं पेटंट संपल्यावर गॅटेरॉन, कैल वगैरे चिनी कंपन्यांनी त्याच मापाचे स्विच काढले आणि रंगांचा बाजारच भरला. महिनाभर मी रात्री जेवण झाल्यावर आवाजाचे व्हिडिओ ऐकत बसायचे. तो वेळ पाण्यात गेला. ऐकू येतो तो त्या माणसाचा माइक, त्याचं टेबल आणि आपला हेडफोन. स्विच त्यात चवीपुरता.

मग नऊ स्विचचा टेस्टर मागवला, ॲक्रिलिकची एवढीशी पट्टी. हातात धरून दाबला तर एक आवाज, टेबलावर ठेवून दाबला तर दुसरा. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की स्विच एकटा वाजतच नाही. खालची प्लेट, डबा, वरची टोपी, टेबल, सगळे मिळून वाजतात. पखवाजाच्या धुमेला कणीक लावली की तोच पखवाज खोल बोलतो, तसंच हे.

इंग्रजीत या छंदातली मंडळी दोन आवाजांची नावं सारखी घेतात, थॉक आणि क्लॅक. मला ती नीट कळली आईमुळे. तिला दोन्ही वाजवून दाखवले तर म्हणाली, "हा सागरगोटा शहाबादी फरशीवर पडला, आणि हा सारवलेल्या अंगणात." यापेक्षा अचूक वर्णन मी कुठेही वाचलेलं नाही. फरशीवरचा क्लॅक, अंगणातला थॉक. मला अंगणातला हवा होता.

टेस्टर बाजूला ठेवून मी तीन-चार जातींचे वीस-वीस स्विच मागवले आणि अर्धा-अर्धा प्रयोग केला. मी इनस्क्रिप्टवर, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाण कीबोर्ड-मांडणीवर, टाइप करते. त्यात काना-मात्रा-वेलांट्या डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला (म, न, व तेवढे डावीकडच्या खालच्या ओळीत). त्यामुळे 'काका', 'तारा', 'पाटी' असं काही लिहिलं की उजवा-डावा-उजवा-डावा ठेका आपोआप पडतो. डाव्या बाजूला एक जात खोचायची, उजव्या बाजूला दुसरी, आणि पानभर मजकूर लिहायचा. इंग्रजी टाइप करणाऱ्याला ही सोय नाही, असं मला उगाचच वाटतं. दोन बाजू इतक्या लख्ख वेगळ्या ऐकू येतात की व्हिडिओ विसरून जावेत.

तपकिरी पहिल्याच संध्याकाळी बाद. उंचवटा कसला, चपलेत आलेला बारीक खडा! लांब दांड्याचे स्विच मात्र मोहात पाडणारे निघाले. त्यांच्या दांड्याचं मधलं टोक थेट तळाला जाऊन टेकतं, त्यामुळे प्रवास नेहमीच्या ४ मिलिमीटरपेक्षा कमी आणि आवाज टणक, स्पष्ट. पण तो पुन्हा शहाबादी फरशीचा. सायलेंट स्विचच्या दांड्याला रबर असतं. आईची पसंती अर्थातच त्याला. मला उशीवर टाइप केल्यासारखं झालं. शेवटी गॅटेरॉनचा दुधी कवचाचा पिवळा ठरला. सरळ खाली जाणारा, साधारण ५० ग्रॅमच्या दाबाला लागणारा, आणि महागही नाही. नव्वद मागवले.

आणि बसवल्यावर आवडला नाही! खरखर होती, शिवाय प्रत्येक ठोक्यामागून स्प्रिंगची बारीक पिंग. म्हणजे ल्यूब करणं, वंगण घालणं आलं. क्रायटॉक्सचं २०५जी० नावाचं पांढरं घट्ट ग्रीस येतं, चिमुकल्या डबीत आणि डबीच्या मानाने भलतंच महाग. स्विच उघडायचा, वरचं कवच, दांडा, स्प्रिंग, खालचं कवच वेगळं करायचं, बारीक ब्रशने घासणाऱ्या कडांना ग्रीसचा नुसता हात फिरवायचा आणि पुन्हा जुळवायचं. असं नव्वद वेळा. रविवारी मी वर्तमानपत्र पसरून बसले. पहिले दहा लोण्यात बुडवल्यासारखे झाले. दाबलं की वर यायला आळस करायचे. ते पुसून परत केले. अकरापर्यंत पंधराच झाले होते. आई चष्मा लावून शेजारी येऊन बसली आणि शेंगा सोलाव्यात तसे स्विच उघडून माझ्यापुढे ठेवू लागली. मध्ये एक स्प्रिंग उडून कपाटाखाली गेली, ती अजून तिथेच आहे. संध्याकाळी साडेसहाला संपलं. स्प्रिंगा एकेक न रंगवता पिशवीत तेलाचे थेंब घालून खळखळ हलवल्या, हे शहाणपण मला चाळिसाव्या स्विचला सुचलं.

सगळं बसवून लिहायला घेतलं तर 'प्रश्न'चं 'परशन' आणि 'स्वच्छ'चं 'सवचछ'. हलन्तची की मेली होती. इंग्रजी डीच्या जागेवर ती असते, आणि ती गेली की मराठीतली जोडाक्षरंच गेली. उपटून पाहिलं तर खोचताना एक पाय दुमडलेला. चिमट्याने सरळ केला, चालू झाली. तेव्हापासून स्विच खोचण्याआधी मी त्याचे पाय उजेडात धरून बघते.

आवाज आता खोल आला होता, पण स्पेसबार भांड्याच्या मांडणीसारखी खुळखुळत होती. लांब कीजच्या खाली स्टॅबिलायझर असतात. त्यातली तार प्लॅस्टिकमध्ये सैल हलते. तारेच्या दोन्ही टोकांना डायइलेक्ट्रिक ग्रीस भरपूर लावलं. स्विचला हात आखडता घ्यायचा, इथे नाही. माझ्या मते सुरुवात खरं तर इथूनच करावी. जगातला उत्तम स्विच घेतलात तरी दर शब्दानंतर ती स्पेसबार वाजणारच. बोर्डाच्या पाठीला मास्किंग टेपचे दोन थर दिले, बटणांवरच्या पातळ एबीएस प्लॅस्टिकच्या टोप्या काढून जाड पीबीटी प्लॅस्टिकच्या घातल्या. दोन्हींनी आवाज थोडा थोडा खाली आला.

भिंतीपलीकडे मात्र धडधड जातच होती. आवाज हवेतून नव्हे, टेबलातून भिंतीत शिरत होता, हे टेबल चार बोटं पुढे ओढल्यावर कळलं. आईने जुन्या गोधडीचा फाटका कोपरा कापून कडा दुमडून शिवून दिला. तो कीबोर्डखाली घातला आणि पखवाजाची कणीक झाली एकदाची. सगळ्या खर्चात गोधडीइतका फरक कशानेही पडला नाही, आणि ती फुकट होती.

उजवी शिफ्ट अजून किंचित वाजते. डाव्या हाताकडची 'ओ', 'ए', 'आ' अशी सुटी स्वराक्षरं लिहिताना तीच लागते, त्यामुळे ती टुकटुक चांगलीच जाणवते. पुढच्या रविवारी बघीन. डबीत ग्रीस उरलंय.

टेस्टरवरचा निळा स्विच आईने केव्हाच पळवलाय. रात्री मालिका बघताना जपमाळेसारखा अंगठ्याखाली धरून बसते. टिक्, टिक्, टिक्. मला पलीकडे ऐकू येतं.