पालखी ते मृग, मुक्काम नाफ्प्लिओ

अमळनेरच्या माणसाला मे महिन्यात लांब जायचं तर आधी पंचांग उघडावं लागतं. आखाजीला लेकी माहेरी येतात, तेव्हा घर सोडायचा प्रश्नच नाही. मग सखाराम महाराजांची यात्रा, एकादशीचा रथ, पौर्णिमेची पालखी. आणि मृगाच्या आत घरी परत, कारण कापूस. या दोन्हींच्या मधे जे दिवस उरतात तेवढेच आमचे. २०२७ मध्ये वैशाखी पौर्णिमा २० मेला आहे, त्यामुळे ही फट बऱ्यापैकी मोठी मिळतेय. मी ती धरून ठेवलीय.

जायचंय ग्रीसला, पेलोपोनीझमधल्या नाफ्प्लिओला. फक्त तिथेच. नातेवाइकांपैकी ज्याला सांगावं तो म्हणतो, एवढा खर्च करताय तर चार देश बघून या. मला चार देश नकोत. यांनी आयुष्यभर रात्री-बेरात्री लाइट आली की मोटार सुरू करायला शेत गाठलंय. सुट्टीतही पहाटे पाचला बॅग भरून बसमध्ये बसायचं असेल तर ती सुट्टी कसली? एक खोली, एक गल्ली, जवळ समुद्र, आणि सकाळी उठायची घाई नाही. मला यांना हे द्यायचंय.

सासूबाईंनी विचारलं, "तठे जाईसन करशात काय?" मी म्हटलं, बसणार. त्यांना ते पटलं, असं मला वाटतं.

नाफ्प्लिओ हे लहान गाव, पण १८३४ पर्यंत नव्या ग्रीसची राजधानी होतं. नंतर ती अथेन्सला गेली. देशाचे पहिले राज्यप्रमुख कापोदिस्त्रियास यांची १८३१ मध्ये इथल्याच सेंट स्पिरिडॉन चर्चच्या दारात हत्या झाली. समोर पाण्यात बूर्त्झी नावाचा छोटा जलदुर्ग आहे, व्हेनिसवाल्यांनी १४७३ मध्ये बांधलेला. डोक्यावर पालामिडीचा किल्ला, २१६ मीटर उंच. त्याला ९९९ पायऱ्या आहेत असं सगळे सांगतात, पण मागून वर रस्ताही जातो. यांचे गुडघे बघता जाता-येता टॅक्सीच. खोली घेतानाही हेच लक्षात ठेवलंय. जुन्या गावातल्या वरच्या गल्ल्या म्हणजे नुसत्या पायऱ्या. आम्ही सिंटाग्मा चौकाजवळ, सपाटीवरची जागा बघतोय. छोटं स्वयंपाकघर हवंच.

अथेन्सच्या किफिसोस स्थानकावरून बस मिळते, दोन-अडीच तासांचा रस्ता. शनिवार-रविवार अथेन्सची माणसं गावात गर्दी करतात, म्हणून आपण रविवारी संध्याकाळी, ती परतत असताना पोचायचं. ऑर्थोडॉक्स, म्हणजे ग्रीसमधल्या ख्रिस्ती पंथाचा, ईस्टर २०२७ मध्ये २ मेला आहे आणि त्यानंतर सातेक आठवड्यांनी येणाऱ्या पेंटेकॉस्ट सणाचा सुट्टीचा सोमवार २१ जूनला. आमचे दिवस या दोन्हींच्या मधे पडतात, हा मोठाच योग. तेव्हा आमच्याकडे पारा चव्वेचाळिसाच्या आसपास असतो, तिथे सव्वीस-सत्तावीस. सूर्य मावळतो रात्री साडेआठच्या सुमाराला, म्हणजे दुपारी खुशाल झोपावं आणि उठून फिरायला जावं.

समुद्राचं सांगते. आम्ही बोरी-तापीकाठची माणसं, लाटांची सवय नाही. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळपास जाणवत नाही, आणि नाफ्प्लिओ तर आखातात आत आहे. गावालगतचा आर्वानितियाचा किनारा गोट्यांचा आहे आणि पाणी लगेच खोल होतं, तिथे मी काठावरच बसेन. कारथोना मात्र वाळूचा आणि उथळ. आर्वानितियापासून किनाऱ्याकाठानं तीनेक किलोमीटरची कच्ची पायवाट जाते, गाड्यांची ये-जा नाही. सकाळी चालत जायचं, कमरेएवढ्या पाण्यात उभं राहायचं. मेअखेर पाणी गारच असेल, असू दे.

खाण्याची मला मुळीच चिंता नाही. ऑर्थोडॉक्स लोकांचे उपास पुष्कळ, त्यामुळे बिनमांसाचे, बिनदुधाचे पदार्थ त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. फावा म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट वरण, गिगांतेस हे टोमॅटोत शिजवलेले मोठे पांढरे घेवडे, भात भरलेले टोमॅटो, भेंडीची भाजी. आणि मेलित्झानोसलाता! आख्खं वांगं भाजायचं, सोलायचं, ठेचायचं, लसूण आणि ऑलिव्ह तेल घालायचं. आपल्या भरताची ही थेट मावसबहीण. मी हिरव्या मिरचीचा ठेचा सोबत नेणार आहे, मग नातं पूर्ण होईल. तूप आणि पेढे मात्र न्यायचे नाहीत. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे पदार्थ नेऊ देत नाहीत.

फिरण्याचे दिवस दोनच ठेवलेत. एक माझा: एपिडॉरस, साधारण तीस किलोमीटरवर, इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकातलं दगडी नाट्यगृह. मी शाळेत मुलांची नाटकं बसवायचे. अगदी वरच्या पायरीवर बसून खालचं बोलणं ऐकायचंय. दुसरा यांचा: नाफ्प्लिओच्या आसपासच्या आर्गोलिस भागातल्या मैदानातल्या संत्र्याच्या बागा. तिथल्या शेतकऱ्यांनी विहिरी आणि बोअर इतके उपसले की समुद्राचं खारं पाणी जमिनीखालून आत शिरलं. मग अनाव्हालोस झऱ्याचं पाणी कालव्यानं आणून बागा जगवल्या. हे यांना मी वाचून दाखवलं तेव्हा पेपर बाजूला ठेवून ऐकत होते. आपल्याकडेही बोअर किती खोल गेलेत ते यांना रोज दिसतं. त्यामुळे कालवा बघायचाच, असं यांनी स्वतःहून सांगितलं. सगळ्या प्रवासातली ही यांची एकुलती एक मागणी.

व्हिसाचं काम मुंबईला. शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, माणशी ९० युरो, आणि किमान ३० हजार युरोंचा प्रवास विमा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, तेव्हा दिवाळीनंतर लगेच करायचा. शेतीचं उत्पन्न दाखवायला सातबारा आणि बँकेचं स्टेटमेंट. उताऱ्याचं इंग्रजी भाषांतर भाची करून देतेय. ठिबकच्या नळ्या अंथरून ठेवायचं धाकट्या दिरांनी कबूल केलंय, आणि आखाजीला आलेली लेक आम्ही परतेपर्यंत आजीजवळ राहणार आहे.